माळरानाचे सोयरे : डॉ. सलीम अली
— द्वितीय वर्ष कला

अभयारण्य हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांसमोर दाट झाडी, वाघ आणि हत्तींचे कळप उभे राहतात. पण उघड्या माळावर, गुडघाभर गवतातही एक भरलेले जग नांदत असते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. सरकारी दप्तरात अशा जमिनीला पडीक म्हणतात आणि गावात तिला गायरान म्हणतात. जिथे गुरे चरतात तिथे चंडोल अंडी घालतो, टिटवी पिले वाढवते, लावरी आणि ससा दडून बसतात. गवत गेले की हे सारे मुकाट्याने निघून जातात. त्यांच्या जाण्याची नोंद कोण ठेवणार? ती नोंद आयुष्यभर ठेवणारा एक माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. ते म्हणजे थोर पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते घरातील सर्वांत धाकटे अपत्य. वर्षाचे असताना वडील मोइजुद्दीन गेले आणि तिसऱ्या वर्षी आई झीनतउन्निसाही गेली. पोरक्या झालेल्या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी आणले व पोटच्या मुलांसारखे वाढवले. मामांना शिकारीची आवड होती. त्या काळी खात्यापित्या घरातल्या मुलाने बंदूक हाती धरणे यात कुणाला वावगे वाटत नसे. छोट्या सलीमलाही एक छऱ्याची बंदूक मिळाली होती.

दहाएक वर्षांचे असताना त्यांनी एक चिमणी पाडली. ती नेहमीच्या घरचिमणीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्यांनी मामांना विचारला. मामांना उत्तर देता येईना. मात्र त्यांनी प्रश्न उडवून लावला नाही. चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली. तिचे चिटणीस मिलर्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. भीतभीत आत आलेल्या त्या मुलाला त्यांनी प्रेमाने जवळ बसवले, ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. वाचायला पुस्तकेही दिली. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलासाठी दिलेला तो थोडासा वेळ भारतीय पक्षीशास्त्राला केवढा फळला!

पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. सलीम अली शाळेत फारसे चमकले नाहीत. सेंट झेवियर्स कॉलेजात गेले, पण अभ्यास अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे गेले. तिथे घरच्यांचा टंगस्टनच्या खाणीचा व लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसाय बुडाला, पण त्या जंगलात हिंडून त्यांची नजर तयार झाली. १९१७ साली ते परतले. मुंबईत त्यांनी व्यापारी कायदा व हिशेबनिसीचे शिक्षण घेतले आणि त्याच वेळी फादर ब्लॅटर यांच्या आग्रहावरून झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही शिकले. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. त्यामुळे प्राणिशास्त्राच्या सरकारी खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. हे वाचताना माझ्यासारख्या विद्यार्थ्याच्या मनात दोन विचार येतात. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कुणी चढले नाही. आजोबा दुसऱ्यांची गुरे राखीत. म्हणून पदवीचे मोल आम्हांला पुरेपूर कळते. पण पदवी नसतानाही आजोबा गवताच्या रंगावरून पावसाचे पोट सांगत, टिटवीने अंडी कुठे घातली यावरून ओढ्याचा अंदाज बांधत. त्यांचे सगळे अंदाज खरे ठरत असे मी म्हणणार नाही. पण पाहण्याची सवय ही विद्येची पहिली पायरी आहे. सलीम अलींनी ती पायरी अगदी लहानपणीच चढली होती.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गविभागात त्यांना व्याख्याता-मार्गदर्शकाची नोकरी लागली. आपले ज्ञान अपुरे आहे असे वाटून ते रजा घेऊन जर्मनीत गेले आणि बर्लिनमध्ये प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. स्ट्रेसमान यांना त्यांनी जन्मभर गुरू मानले. १९३० साली मायदेशी परत येतात तो पैशाच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली! तिशी ओलांडलेला, संसारी, शिकलेला माणूस बेकार झाला.

मुंबईचे राहणे परवडेना म्हणून पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरच्या गावी जाऊन राहिले. तिथे जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हाताला काम नव्हते, पण डोळ्यांना होते. सलीम अली तासन् तास ती घरटी न्याहाळत बसू लागले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर मुक्काम करते, मग नर ते पुरे करतो आणि अंडी घातली की दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो, हा सारा क्रम त्यांनी दिवसामागून दिवस टिपून १९३१ साली प्रसिद्ध केला. अशी घरटी आपल्याकडे विहिरीवरच्या बाभळीवर शेकडो वर्षे लोंबत होती. पाहिली सगळ्यांनी, पण धीराने नीट न्याहाळली ती त्यांनी.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांतून त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. पगार नव्हता, संस्थानाने फक्त खर्च सोसायचा. बैलगाडी, तंबू, कंदील आणि वह्या एवढाच सरंजाम. तेहमिनाबाई या वणवणीत त्यांच्या सोबत असत. त्यांचे इंग्रजी उत्तम होते आणि नवऱ्याच्या लिखाणावर त्यांची नजर असे. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या अकस्मात गेल्या. सलीम अली पुढे अठ्ठेचाळीस वर्षे जगले, पण त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. सामान्य माणसाला खिशातून नेता येईल आणि चित्र पाहून पक्षी ओळखता येईल असे ते पुस्तक होते. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत व शेजारच्या देशांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला. तो संपला तेव्हा त्यांचे वय सत्त्याहत्तर होते.

ही झाली त्यांच्या विद्वत्तेची कहाणी. परंतु या लेखात मला विशेष सांगायचे आहे ते माळरानाविषयी.

आपल्या महाराष्ट्रात एक भव्य पक्षी आहे. त्याचे नाव माळढोक. नराचे वजन पंधरा किलोंपर्यंत भरते, उडणाऱ्या पक्ष्यांतला तो एक अत्यंत वजनदार पक्षी. झाडावर तो बसत नाही, घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवर मादी बहुधा एकच अंडे घालते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, धान्याचे दाणे हा त्याचा आहार. म्हणजे तो शेतकऱ्याचा शत्रू नव्हे, मित्रच. भारताचा राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याची चर्चा चालू होती तेव्हा सलीम अलींनी माळढोकाची बाजू घेतली. त्यांचा विचार असा, की जो पक्षी नाहीसा होऊ लागला आहे त्याला मान दिला तर लोकांचे त्याच्याकडे लक्ष जाईल. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. मोर सुंदर आहे यात शंका नाही, पण त्याला ओळख करून देण्याची गरज नव्हती!

माळढोक का कमी झाला? एक कारण शिकार. दुसरे त्याहून खोल, ते म्हणजे माळच खंगला. माळ खंगतो कसा, हे गुराख्याला विचारावे. जमिनीच्या ताकदीपेक्षा जास्त जनावरे बाराही महिने एकाच ठिकाणी चरली की चांगले गवत बी धरण्यापूर्वीच खुडले जाते. पवन्या, शेडा, मारवेल ही कसदार गवते हळूहळू हटतात आणि जनावर तोंड लावत नाही ती कुसळी उरते. खुरांनी जमीन घट्ट होते, पाणी मुरत नाही, वरची माती पहिल्या वळवाबरोबर ओढ्याला जाते. शेवटी मुरूम उघडा पडतो. मग गुरांनाही काही नाही आणि पाखरांनाही काही नाही.

हा ऱ्हास उलटा फिरवता येतो, हे सोलापूर जिल्ह्यात दिसून आले. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली वनखात्याने सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातले उजाड गायरानाचे तुकडे हाती घेतले. चर खणले, बी पेरले, चराई थांबवली. उद्देश चारा आणि लाकूडफाटा मिळवण्याचा होता. पक्ष्यांचा विचार त्यात नव्हता. पण दोन-चार पावसाळे विसावा मिळताच गवत उठले, गवतात नाकतोडे आले आणि नाकतोड्यांमागे माळढोक आला! स्थानिक पक्षिमित्रांनी ही गोष्ट जगासमोर आणली. १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले. सलीम अलींच्या नेतृत्वाखाली सोसायटीने १९८१ पासून माळढोकाचा सविस्तर अभ्यास हाती घेतला आणि तिचे तरुण संशोधक नान्नजच्या माळावर मुक्कामाला राहिले.

यानंतरचा इतिहास मात्र दुखरा आहे आणि तो लपवून चालणार नाही. अभयारण्याची हद्द तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होती. तीत शेते, गावे, वाड्यावस्त्या सारे आले. बहुतेक जमीन खाजगी मालकीची. नियमांमुळे जमिनीचे व्यवहार अडू लागले आणि ज्याने कधी माळढोकाला खडा मारला नव्हता तो शेतकरीही त्याच्या नावाने बोटे मोडू लागला. पुढे हद्द कमी करून ती सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आली. दरम्यान पाणी आले, ऊस आला, माळ नांगरले गेले. काही ठिकाणी वनीकरणाच्या नावाखाली उघड्या माळावर ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली गेली. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे, पण ज्या पक्ष्याला दूरवर मोकळी जमीन दिसल्याखेरीज धीर येत नाही, त्याला ती झाडी परकी वाटली. १९६९ च्या सुमारास देशात साडेबाराशेच्या आसपास माळढोक असल्याचा अंदाज होता. आता तो आकडा दीडशेच्या आसपास सांगतात आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

सलीम अलींच्या आयुष्यातला दुसरा प्रसंग राजस्थानातल्या भरतपूरचा. तेथील केवलादेव घनाच्या तळ्यावर संस्थानी काळात बदकांच्या प्रचंड शिकारी होत. १९३८ साली व्हाइसरॉयच्या पाहुणचारात एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले होते. स्वातंत्र्यानंतर ते तळे आटवून शेतीसाठी जमीन काढावी अशी मागणी आली. सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंपर्यंत हा प्रश्न नेला आणि तळे वाचवले. पुढे तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. उद्यानात म्हशी चरू नयेत असे सलीम अलींचे व सोसायटीतील तज्ज्ञांचे मत होते आणि १९८२ साली चराईबंदी अमलात आली. आजूबाजूच्या गावांचा पिढ्यान् पिढ्यांचा चारा एका हुकमाने बंद झाला. त्या नोव्हेंबरात चकमक उडाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी प्राणास मुकले.

पक्ष्यांसाठी माणसे मेली, ही गोष्ट वाचताना मन सुन्न होते. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. सलीम अलींच्याच संस्थेने १९८० पासून केवलादेवचा दहा वर्षे अभ्यास केला. त्यातून निघाले ते बंदीच्या उलट होते. म्हशी पाण्यात उतरून गवत खात होत्या म्हणून तळ्याचे पाणी मोकळे राहत होते. म्हशी थांबल्या आणि पाणगवत माजले, मोकळे पाणी आकसले आणि बदकांची, करकोच्यांची जागाच कमी झाली. हा अहवाल पुरा झाला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. पण आपल्याच थोर गुरूच्या सल्ल्याविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांच्या शिष्यांनी दडपला नाही, तो जसाच्या तसा मांडला. मला वाटते, गुरूची खरी शिकवण यातच दिसते. ज्याने जन्मभर आधी पाहा, मग बोला असा रिवाज पाळला, त्याचे शिष्य दुसरे काय करणार?

नान्नज आणि भरतपूर या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक मोठी शिकवण हाती लागते. नान्नजच्या कोरड्या माळाला विसावा हवा होता, भरतपूरच्या ओल्या तळ्याला म्हैस हवी होती. चराई सगळीकडे वाईट नाही आणि सगळीकडे चांगलीही नाही. जमीन कोणती, पाऊस किती, जनावरे किती आणि कोणत्या महिन्यात, हे पाहून ठरवले पाहिजे. आणि ठरवताना ज्याची गुरे चरतात त्याला आधी विचारले पाहिजे. त्याच्या दावणीचा चारा काढून घेतला आणि बदल्यात काही दिले नाही, तर तो राखणदार कसा होईल?

आपल्याच पुणे जिल्ह्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेले हे अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे. पण तेवढ्या माळावर चिंकारा हरणे नांदतात. म्हणजे राखायला फार मोठा मुलूख लागतो असे नाही. आमच्या मावळात निसर्गाची तऱ्हा निराळी आहे. लोणावळ्यात कोसळणारा पाऊस तळेगावाकडे येईपर्यंत पुष्कळच ओसरतो. त्यामुळे पश्चिमेला दाट रान आणि पूर्वेला गवताळ माळ अशी दोन्ही रूपे एकाच तालुक्यात आहेत. आंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात डोंगरउतारांवर अजूनही गवत आहे. पण काही कुरणांना बंगल्यांची कुंपणे पडली आणि जी उरली त्यांना माघ-फाल्गुनात वणवा लागतो. आग लागली की गवताबरोबर जमिनीवरची अंडी, पिले यांची राख होते आणि पहिल्या पावसात ती राख मातीसकट नदीला मिळते.

यावर उपाय अवघड नाहीत. गायरानाचे भाग पाडावेत आणि एकेका भागाला आळीपाळीने दोन-तीन पावसाळे विसावा द्यावा. गवताने बी टाकल्यावर, दिवाळीच्या सुमारास ते कापून ज्याच्या-त्याच्या दावणीला न्यावे. डिसेंबराच्या आत जाळरेषा काढाव्यात. उताराला समतल चर घ्यावेत. उघड्या माळावर उगाच परदेशी झाडे लावू नयेत. आणि कोणता पक्षी कुठे, कधी दिसला याची वही गावातल्या शाळेत ठेवावी. ती लिहायला पदवी लागत नाही. गुरांमागे जाणाऱ्या पोराला ते काम कॉलेजातल्या मुलापेक्षा बरे जमेल.

सलीम अलींना मानसन्मान भरपूर मिळाले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण. ज्याच्यापाशी पदवी नव्हती त्याला विद्यापीठांनी सन्मानाची डॉक्टरेट दिली. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामाला दिली. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र आले आणि त्याच्या नावातही ती लहानपणची चिमणी होतीच. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. २०२० पासून आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याची अखेर त्यांच्या जन्मदिवशी होते.

वाचकहो, तो सप्ताह नेमका गवत पिकण्याच्या दिवसांत येतो. त्या आठवड्यात भाषणे होतील, रांगोळ्याही निघतील. त्यांतली एक सकाळ आपण गावच्या गायरानात घालवू. सोबतीला एखाद्या वयस्कर गुराख्याला घेऊ. कोणते गवत उरले, कोणते गेले, कोणता पक्षी पूर्वी दिसे आणि आता दिसत नाही, हे त्याला विचारू आणि लिहून ठेवू. सलीम अलींना याहून मोठी आदरांजली कोणती असेल?